निम्मेरावांची सुट्टी

चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या खोलीत बसून लोकांचे डोळे तपासणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे निम्मेराव म्हणत. हे नाव त्यांना बायकोनं दिलं होतं, तेही लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात. दोघं पडदे घ्यायला गेले होते. तिला निळे हवे होते आणि दुकानदार करड्यांचा आग्रह धरून बसला होता. निम्मेरावांनी दोघांचंही मन राखलं. त्यांच्या बैठकीच्या खिडकीला आजही एका बाजूला निळा पडदा आहे आणि दुसऱ्या बाजूला करडा, आणि नवा पाहुणा आला की विचारतोच, "एक धुवायला टाकलाय का?"

दुकानात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल भोकांची फ्रेम चढवायची, तीत एक काच सरकवायची, मग ती काढून दुसरी सरकवायची आणि लोण्यासारख्या आवाजात विचारायचं, "हे बरं दिसतंय की आधीचं?" गांगरलेल्या आजीबाई असोत की घाईत आलेला वकील, निम्मेराव प्रत्येकाकडून उत्तर काढून घेत. कोणी "दोन्ही सारखंच" म्हणालं की ते शांतपणे काचा पुन्हा उलटसुलट करत. सारखंच म्हणून ते कोणाला सुटू देत नसत. आणि हाच माणूस घरी आल्यावर बायकोनं "सूप करू की अंडी?" एवढं विचारलं, तरी चाचरत म्हणायचा, "तुला काय सोपं पडेल?"

बायको शहरातली बस चालवायची. रस्त्यात आडवा ट्रक उभा असला की ती आरशात एकदा बघायची, आणि पुढच्या क्षणी बस ट्रकच्या पलीकडे असायची. निर्णयाला तिला याहून जास्त वेळ कधी लागला नाही. आणि बोलायचं म्हणाल, तर डेपोत इंजिन बंद पडलं तरी तिचं चालूच असायचं. मुलगी, जिला घरात मुंगी म्हणत, तिला नुकतंच पाचवं लागलं होतं. ती आईसारखी बोलायची आणि बापासारखी विचारात पडायची, त्यामुळे तिच्याशी वाद घालणं फार अवघड होतं.

या तिघांची सुट्टी त्या वर्षी पहिल्यांदाच जुळली. मिळाले चार दिवस. जायचं कुठे, हे बायकोनं ठरवून टाकलं होतं. समुद्राकडच्या एका गावाबाहेर दोन मोठी पार्क अगदी भिंतीला भिंत लावून होती. एकात पाळणे, आगगाड्या, उलट्यापालट्या फिरणाऱ्या गाड्या. दुसऱ्यात घसरगुंड्या, कारंजी आणि लाटा उसळणारा तलाव. घरात त्यांची नावं पडली चाकांचं पार्क आणि पाण्याचं पार्क. मनगटाला एक कागदी पट्टा बांधला की दोन्हीकडे हवं तेव्हा जाता येत होतं. गाडं अडलं ते वाटणीवर.

"तीन दिवस चाकांचं, एक दिवस पाण्याचं," बायको म्हणाली. "वर्षभर मी लोकांना फिरवते. आता कोणीतरी मला फिरवा. आणि जोरात फिरवा."

"अगं, पण मुंगीला पाणी आवडतं."

"मुंगीला आंघोळ आवडत नाही."

"आंघोळ वेगळी आणि पाणी वेगळं," मुंगी टेबलाखालून म्हणाली.

"बघ. मग दोन-दोन दिवस करू," निम्मेरावांनी तोडगा काढला.

"ते झालं आमच्या दोघींचं. तुला काय हवंय?"

"मला काय, मला दोन्ही चालतील."

"चालतील हे उत्तर झालं का?" बायको म्हणाली. "चालते तर माझी बसही."

निम्मेराव हसले आणि मुंगीच्या बिस्किटाचे दोन तुकडे करू लागले. ते तीन भावांमधले मधले होते. त्यांच्या घरात नियम होता की जो कापेल तो शेवटी उचलेल, आणि कापायचं काम कायम यांच्याकडे. त्यामुळे त्यांना तुकडे फार सुरेख जमत, पण त्यातला कोणता आपल्याला हवाय असा विचार करायची सवयच राहिली नव्हती.

पहिला दिवस चाकांचा ठरला. फाटकातून आत शिरताच बायकोनं सगळ्यात उंच, सगळ्यात वेडीवाकडी गाडी हेरली आणि तिघं तिच्या रांगेत उभे राहिले. रांगेच्या तोंडाशी एक लाकडी जिराफ होता आणि त्याच्या मानेवर लाल रेघ. रेघेपर्यंत डोकं पोचलं तरच आत प्रवेश. मुंगी जिराफाला पाठ लावून उभी राहिली आणि हळूच चवड्यांवर आली.

"पाय खाली टेक, राणी," टोपी घातलेली मुलगी म्हणाली. ती तिथली कर्मचारी होती.

"हे माझे खालचेच पाय आहेत," मुंगी म्हणाली.

टोपीवालीनं खूप गंभीरपणे वाकून पाहिलं आणि मान हलवली. मुंगीनं जिराफाकडे असं बघितलं की जिवंत असता तर त्यानं मान खाली घातली असती.

टोपीवालीनं मग आईबापांना एक सोय समजावून सांगितली. एकानं जाऊन यायचं, दुसऱ्यानं तोवर मुलीजवळ थांबायचं. मग दुसऱ्यानं जायचं, आणि त्याला पुन्हा रांग नाही. निम्मेरावांना ही व्यवस्था इतकी आवडली की त्यांनी तिचे दोनदा आभार मानले.

"तू आधी," ते बायकोला म्हणाले.

ती गेली, किंचाळत फिरली आणि केस उभे झालेल्या अवस्थेत परत आली. "आता तू!"

निम्मेरावांनी वर पाहिलं. गाडी त्या क्षणी उलटी लोंबकळत होती. "माझ्या वाटचं तूच जाऊन ये ना," ते म्हणाले.

बायकोनं एकदाही आग्रह केला नाही. दिवसभर हेच चाललं. प्रत्येक पाळण्यात ती दोनदा बसली, एकदा स्वतःच्या वाटणीचं आणि एकदा नवऱ्याच्या. निम्मेराव पिशव्या घेऊन बाकावर. त्यांना असं स्वस्थ बसलेलं बघून एक काका आपला चष्मा काढत आले. "जरा धरता का हो? वर उडून जाईल." त्यांच्या मागून एक ताई आल्या. मग एक अख्खं कुटुंब आलं. थोड्याच वेळात निम्मेरावांच्या मांडीवर चष्म्यांची रांग लागली. आता समोर चष्मा असताना या माणसाला गप्प बसवेल का? त्यांनी प्रत्येकाची काच रुमालानं पुसली, एकाची वाकडी दांडी अंगठ्यानं हळूच सरळ केली, आणि मुंगीनं "हा कोणाचा?" असं विचारत माणसांना चष्मे परत वाटले. एक चुकीच्या काकांना गेला. ते तो लावून बराच वेळ आनंदात हिंडले.

दुपारनंतर तिघं आकाशपाळण्यात बसले, कारण तिथे जिराफ नव्हता. पाळणा वर गेला तशी भिंतीपलीकडची दुनिया दिसली. निळं पाणी, पिवळ्या घसरगुंड्या आणि ओरडणारी असंख्य ओली पोरं. मुंगीनं नाक काचेला चिकटवलं.

"आपण चुकीच्या बाजूला आहोत," ती म्हणाली.

बायकोला दुसऱ्या दिवशीही ती उलटी गाडी हवी होती. मुंगीला पाणी हवं होतं. निम्मेरावांच्या डोळ्यांत चमक आली. दिवस अख्खाच कशाला वाटायचा? दिवसाचे तुकडे करता येतातच की! पट्टा दोन्हीकडचा आहे, दोन्ही फाटकं शेजारीशेजारी आहेत. सकाळी पाणी, मग चाकं, मग पाणी, शेवटी पुन्हा चाकं. कोणाची तक्रार नाही. आपण हे आधीच कसं सुचवलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी जी भंबेरी उडाली ती सांगण्यासारखी आहे. पाण्याकडे जायचं तर कपडे बदलायचे, पिशव्या कप्प्यात ठेवायच्या, किल्ली मनगटाला अडकवायची. मुंगी पाण्यात पोटरीपर्यंत भिजते न भिजते तोच चाकांची वेळ व्हायची. मग तिला पुसायचं, ओल्या पायांवर मोजे चढवायचे, एक मोजा हरवलाय म्हणून रडायचं, दुसरा सापडला म्हणून पुन्हा रडायचं. चाकांच्या पार्कातली मिरवणूक निघाली तेव्हा ही मंडळी भिंतीपलीकडे केस कोरडे करत होती. ढोल-बाजा ऐकू आला, दिसलं काही नाही. पाण्याच्या तलावात लाटा सुरू झाल्याचा भोंगा वाजला तेव्हा हीच मंडळी चाकांच्या फाटकातून बाहेर पडत होती. लाटांपर्यंत पळत पोचली तेव्हा तलाव आरशासारखा सपाट झाला होता. बायकोची उलटी गाडी तिच्यासमोर बंद झाली, तेल घालायला म्हणे. निम्मेराव सगळ्यांच्या पुढे, घामाघूम, दोन्ही खांद्यांवर पिशव्या घेऊन, "अजून वेळ आहे, अजून वेळ आहे," म्हणत धावत होते.

तिसऱ्या फेरीत, दोन फाटकांच्या बरोबर मधल्या फरसबंदीवर, मुंगी पोटावर आडवी झाली.

"ऊठ बाळा," निम्मेराव म्हणाले. "चाकं की पाणी, तू सांग. तू म्हणशील तिकडे."

"मी कुठेच जाणार नाही," मुंगी जमिनीला गाल लावून म्हणाली. "मी इथेच राहते."

लोक तिला वळसा घालून जाऊ लागले. फाटकावरचा दाढीवाला रखवालदार आला, त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या आईबापांकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथे रोज एकतरी असं झोपतंच. तुमचं जरा उशिरा झोपलं." त्यानं स्वतःची खुर्ची आणून दिली. बायको तिच्यावर बसली. निम्मेराव पिशव्यांवर बसले. मुंगी होती तिथेच राहिली.

"आज दोन्ही पार्कांत गेलो," बायको म्हणाली, "आणि बघितलं काय, तर कपडे बदलायची खोली."

मोठ्या कष्टानं कापलेला केक पालथा पडावा तसा निम्मेरावांचा चेहरा झाला होता.

"चिडत नाहीये मी," बायको जरा नरमाईनं म्हणाली. "मला फक्त एक सांग. पण खरं सांग. दोन दिवस झाले, तो आकाशपाळणा सोडला तर तू कशातही बसला नाहीस, पाण्यात उतरला नाहीस. तुला नक्की काय हवंय? दोन्ही म्हणालास तर मी या पोरीशेजारी आडवी होईन."

निम्मेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खाली बघत म्हणाले, "मला त्या ओढ्यात बसायचंय."

"कोणत्या ओढ्यात?"

"पाण्याकडे नाही का, कडेकडेनं एक ओढा गोल फिरतो. लोक त्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसतात आणि नुसते वाहत जातात. सकाळी बघितलं मी. त्यांना कोणी काही विचारत नाही."

"मग बसलास का नाही?"

"चष्मा," निम्मेराव म्हणाले. हे खरंच होतं. लोकांचे नंबर काढणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या काचा इतक्या जाड होत्या की चष्मा काढला की समोरचा माणूस आणि समोरचं कपाट यांत त्यांना फारसा फरक दिसत नसे. "पाण्यात पडला तर काय करू? आणि पिशव्या कोण सांभाळणार?"

बायकोनं त्यांच्याखालच्या पिशव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या पिशव्या मी सांभाळते. चष्मासुद्धा."

"पण तुझी ती गाडी..."

"उद्या पाण्याकडे."

"दिवसभर," निम्मेराव म्हणाले, आणि हे कोण बोललं ते बघायला स्वतःच मागे वळले. पण आता तोंडातून निघालंच होतं, तर त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "दिवसभर पाण्याकडेच. उद्या चाकांकडे फिरकायचंसुद्धा नाही."

मुंगीनं जमिनीवरून मान वर केली. बाबांचा हा आवाज तिनं पूर्वी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या निम्मेराव ओढ्याकाठी हजर होते. बायकोनं लाल टोपी घातली आणि काठावरच्या छत्रीखाली पिशव्यांसह बैठक मारली. निम्मेरावांनी एखादा दागिना सोपवावा तसा चष्मा तिच्या हाती दिला. जग विरघळलं. शिट्टी गळ्यात अडकवलेल्या पोरगेल्या जीवरक्षकानं त्यांना दंडाला धरून ट्यूबमध्ये बसवलं, मुंगी बापाच्या पोटावर चढली आणि ओढ्यानं दोघांना हळूच पुढे नेलं.

काय सांगावं ते सुख! डावीकडे हिरवं काहीतरी, उजवीकडे पांढरं काहीतरी, वर निळं. कोणाला कोणती काच बसेल, कोणाचं मन कशानं मोडेल, कशाचीच जबाबदारी नाही. पहिल्या वळणानंतर काठावर लाल ठिपका दिसला. निम्मेरावांनी हात हलवला. लाल ठिपका स्तब्ध राहिला. पुढच्या फेरीला त्यांनी दोन्ही हात हलवले, तेव्हा तिकडूनही एक हात हलला.

"बाबा, तू कोणाला हात करतोस?" मुंगीनं विचारलं.

"आपल्या माणसाला."

मुंगीनं काठाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, विचार केला आणि तिनंही हात हलवला. बाबांची ओळख असेल, मोठ्या माणसांच्या बऱ्याच ओळखी असतात.

तिसऱ्या फेरीपर्यंत निम्मेरावांची भीड पार चेपली होती. त्यांनी लाल ठिपक्याकडे एक चुंबन उडवलं. उत्तरादाखल तिकडून दोन्ही हातांनी, मोठ्या झोकात, एक चुंबन आलं. निम्मेराव लाजले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं चारचौघांत असं कधी केलं नव्हतं. पुढच्या फेरीला ते ओरडले, "तुझं ऐकलं ते बरं झालं गं! फार मजा येतेय!"

"येऊ दे, येऊ दे!" काठावरून आवाज आला. आवाज जरा घोगरा वाटला. निम्मेराव म्हणाले, पाण्यामुळे असेल.

एवढ्यात त्यांच्या ट्यूबला शेजारून दुसरी ट्यूब धडकली.

"कोणाशी चाललंय एवढं?" त्या ट्यूबमधून बायकोचा आवाज आला. काठावर बसून तिला कंटाळा आला होता, म्हणून पिशव्या कप्प्यात टाकून ती कधीचीच पाण्यात उतरली होती.

निम्मेराव आवाजाकडे वळले. मग काठाकडे. मग पुन्हा आवाजाकडे. "तू... तुझ्याशी," ते म्हणाले.

"मी इथे आहे."

"मग ती कोण?"

ओढा कोणासाठी थांबत नसतो. तिघं वाहत वाहत लाल ठिपक्यासमोर आले. तिथे लाल टोपी घातलेल्या, पायाशी थर्मास ठेवलेल्या एक ठणठणीत आजी बसल्या होत्या. निम्मेरावांना बघताच त्यांनी सवयीनं हात हलवला.

"आणि ही कोण रे?" आजींनी बायकोकडे बोट करून जाब विचारला.

"बायको," निम्मेराव खोल आवाजात म्हणाले.

"अगं बाई!" आजी म्हणाल्या, आणि एक चुंबन त्यांनी बायकोकडेही उडवलं. "सांभाळ गं याला. फार प्रेमळ आहे!"

बायकोला हसू इतकं अनावर झालं की तिची ट्यूब उलटली. जीवरक्षक शिट्टी फुंकत धावला, पण पाणी जेमतेम कमरेइतकं होतं, आणि ती उभी राहून, नाकातोंडात पाणी गेलेलं असतानाही, हसतच होती. निम्मेरावांचे कान त्या लाल टोपीहून लाल झाले. तरी ते ट्यूबमधून उठले नाहीत. ठरल्याप्रमाणे दिवसभर बसले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चष्मा लावून आजींची रीतसर माफी मागितली. आजी म्हणाल्या, "माफी कसली मागतोस? माझी सून मला इथे बसवून गेली ती गेलीच. तुझ्यामुळे सकाळ बरी गेली." मग दुपारच्या फेऱ्यांना निम्मेराव त्यांना मुद्दाम हात करत राहिले, आता ओळखीनं.

राहिला चौथा दिवस. सकाळी बायको बुटाच्या नाड्या बांधत होती आणि मुंगी तोंडात पोहण्याचा चष्मा धरून तयार होती. दोघी एकमेकींकडे संशयानं बघत होत्या.

"तू चाकांकडे जा," निम्मेराव बायकोला म्हणाले. "एकटी. आम्ही दोघं पाण्याकडे जातो. संध्याकाळी रखवालदाराच्या खुर्चीपाशी भेटू."

आजवर त्यांनी पडदे वाटले होते, केक वाटले होते, दिवस वाटले होते. माणसांनाच थोड्या वेळासाठी दोन दिशांना पाठवता येतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बायकोच्याही आलं नव्हतं.

"एकटी?" ती म्हणाली. मुंगीच्या जन्मापासून ती कामाव्यतिरिक्त एकटी कुठे गेली नव्हती. "जिराफापाशी कोणाची वाट बघायची नाही? तुम्हाला जमेल ना? तिचे मोजे..."

"पाण्यात मोजे कशाला?" मुंगी म्हणाली.

बायको निघाली ती इतक्या वेगानं की पट्टा दाखवायचाही विसरली. त्या दिवशी फाटकावर असलेली टोपीवाली मुलगी मागून हाका मारत राहिली.

पाण्याकडे मुंगीनं बापाला लहान मुलांच्या घसरगुंड्यांपाशी नेलं. एक निळी होती आणि एक पिवळी. "कुठली?" तिनं विचारलं. निम्मेरावांचा चष्मा कप्प्यात होता आणि त्यांना दोन्ही सारख्याच धूसर दिसत होत्या. तरी ते फाडकन म्हणाले, "पिवळी!" पिवळी अरुंद होती. मुंगी सुर्रकन खाली गेली. तिच्या मागून निघालेले निम्मेराव मध्येच अडकले. ना वर, ना खाली. मागे पोरांची रांग खोळंबली, पाणी त्यांच्या पाठीशी साचू लागलं, आणि कालचाच जीवरक्षक खालून ओरडला, "काका, हात वर करा! पोट आत घ्या!" निम्मेरावांनी दोन्ही केलं. साचलेलं सगळं पाणी त्यांच्यासकट एकदम सुटलं आणि ते तोफेच्या गोळ्यासारखे खालच्या डबक्यात येऊन आदळले. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पुन्हा!" मुंगी म्हणाली.

"पुन्हा," निम्मेराव म्हणाले, "पण निळी."

संध्याकाळी बायको खुर्चीपाशी आली तेव्हा तिचे केस आभाळाकडे गेले होते आणि डोळे चमकत होते. तिनं तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. उलट्या गाडीत दिवसभर ओरडून तिचा घसा पार बसला होता. ती हातवारे करू लागली. बोटं गोल फिरवली, हात उलटा केला, गाल फुगवले. निम्मेरावांना एवढंच कळलं की फार छान झालं.

परतीच्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली. तो गिअर फार उशिरा बदलत होता. एरवी पहिल्याच चढावर तिनं त्याला चार शब्द सुनावले असते. आता तिला नुसत्या भुवया उडवता येत होत्या, आणि त्या कोणी बघत नव्हतं.

गाडीत शांतता झाली. अशी शांतता त्या घरातल्या कोणाच्याच ओळखीची नव्हती. निम्मेरावांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"त्याचं काय झालं," ते म्हणाले, "तिथे एक पिवळी घसरगुंडी होती."

बायकोनं मान त्यांच्याकडे वळवली. मुंगी दोघांच्या मध्ये सरकून बसली. निम्मेरावांनी घसरगुंडी सांगितली, अडकणं सांगितलं, जीवरक्षकाचा आवाज काढून दाखवला. मागच्या सीटवरचा एक माणूस हसला, तेव्हा त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून, जरा सविस्तर सांगितलं. घराजवळचा थांबा येईपर्यंत ती घसरगुंडी आकाशपाळण्याएवढी उंच झाली होती आणि खालचं डबकं समुद्राएवढं झालं होतं. प्रत्येक वेळी बायको मुंगीकडे बघून भुवया उडवायची, आणि मुंगी गंभीरपणे मान डोलावून सांगायची, "हो, असंच झालं."